जुन्या घरातली बिनकागदाची बांधकामं: इंग्लंडमध्ये घर घेताना इन्डेम्निटी पॉलिसी काय भरून देते आणि काय नाही

इंग्लंड किंवा वेल्समध्ये घर घेताना बहुतेकांना हा ईमेल कधी ना कधी येतोच. मॉर्गेजची ऑफर हातात असते, शाळांची चौकशी झालेली असते, आणि सॉलिसिटर, म्हणजे खरेदीचं काम पाहणारा वकील, कळवतो: मागच्या एक्सटेन्शनचं कंप्लीशन सर्टिफिकेट, म्हणजे काम नियमांप्रमाणे पूर्ण झाल्याचा दाखला, विक्रेत्याकडे नाही, पण तो इन्डेम्निटी पॉलिसी काढून द्यायला तयार आहे, तुमची हरकत नसेल तर पुढे जाऊ. तोवर घरात मनाने राहायलाही सुरुवात झालेली असते, म्हणून माणूस लगेच होकार कळवून मोकळा होतो.

पुण्या-मुंबईत ओसी नसलेल्या इमारती, गुंठेवारीचे प्लॉट आणि शुल्क भरून होणारं नियमितीकरण आपण पाहिलेलं असतं. त्यामुळे इन्डेम्निटी पॉलिसी म्हणजे त्याचाच इथला प्रकार, असा समज सहज होतो. पण पॉलिसीमुळे काहीही नियमित होत नाही. बिनपरवाना काम बिनपरवानाच राहतं. परवानगी नसल्याच्या कारणावरून उद्या कौन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेने, कारवाई केली, तर त्यातून तुमचं होणारं नुकसान विमा कंपनी ठरलेल्या मर्यादेपर्यंत भरून देते. पॉलिसी आहे ती कागद नसल्याच्या जोखमीची. भिंत काढलेल्या जागी वरचा भार पेलणारी तुळई नीट बसवली आहे का, याच्याशी तिचा काही संबंध नाही. घर घेताना हा फरक ज्याच्या लक्षात राहिला, त्याचे बाकीचे निर्णय सोपे होतात. म्हणून खालच्या पायऱ्या मुद्दाम या क्रमाने दिल्या आहेत. क्रम चुकला तर काही वाटा कायमच्या बंद होतात.

पायरी १: कोणतं काम, कधी झालं, हे आधी पक्कं करा

विक्रेत्याने भरून दिलेला टीए६ नावाचा माहितीचा फॉर्म सॉलिसिटरकडून मागून घ्या आणि स्वतः वाचा. घरात काय बदल केले, कोणत्या वर्षी केले, परवानग्या होत्या का, हे त्यात विचारलेलं असतं. 'माहीत नाही, आम्ही घेण्याआधीचं आहे' अशी उत्तरं फार येतात. त्यावर थांबू नका. घर पाहायला जाल तेव्हा फॉर्म हातात ठेवून फिरा आणि फॉर्ममध्ये नसलेले बदल टिपा.

हॅरो, हौन्स्लो, स्लाव या भागांत, जिथे आपली बरीच मंडळी घरं घेतात, १९३० च्या दशकातली सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूची भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेली, घरं भरपूर आहेत. या घरांत सापडणारे बदल साधारण ठरलेले असतात: मागे वाढवलेलं स्वयंपाकघर, पुढची-मागची खोली एक करून केलेला मोठा हॉल, छपराखाली काढलेली खोली, गॅरेजची केलेली खोली, आणि शेकोटीचा विटांचा उंचवटा, म्हणजे चिमणी ब्रेस्ट, पाडून मोकळी केलेली भिंत. त्याशिवाय बदललेल्या खिडक्या, नवा बॉयलर आणि विजेचं काम.

काम कधी पूर्ण झालं याचा पुरावा मिळेल तितका गोळा करा: बिल्डरची बिलं, घराच्या जुन्या विक्रीच्या जाहिरातीतले फोटो, गूगल अर्थवरची जुनी उपग्रहचित्रं. तारखेला इतकं महत्त्व का, ते पुढे कळेल.

पायरी २: नेमका कोणता कागद नाही, ते ओळखा

सॉलिसिटरच्या ईमेलमध्ये बऱ्याचदा सगळ्यालाच 'परवानगी नाही' म्हटलेलं असतं. पण या वेगवेगळ्या परवानग्या आहेत आणि प्रत्येकीच्या पॉलिसीचा हिशेब वेगळा आहे.

प्लॅनिंग परमिशन घराच्या बाह्यरूपाशी आणि वापराशी संबंधित असते: किती वाढवलं, किती उंच, शेजाऱ्याचा उजेड अडतो का. बरीच छोटी कामं 'परमिटेड डेव्हलपमेंट'मध्ये बसतात आणि त्यांना अर्जच करावा लागत नाही. मागच्या बाजूचं एकमजली एक्सटेन्शन सेमी किंवा टेरेस्ड (रांगेतल्या) घराला मूळ भिंतीपासून ३ मीटर आणि डिटॅच्ड (सुट्या) घराला ४ मीटरपर्यंत, तसंच लॉफ्टमधली वाढ टेरेस्ड घराला ४० आणि सेमी वा डिटॅच्डला ५० घनमीटरपर्यंत, इतर अटी पाळल्या तर चालते. म्हणजे 'प्लॅनिंग परमिशन नाही' यात दर वेळी काही चुकलेलंच असतं असं नाही. फ्लॅटना मात्र ही सवलत नाही, आणि काही भागांत कौन्सिलने 'आर्टिकल ४' नावाचा आदेश लावून ती काढून घेतलेली असते.

परवानगी लागत होती आणि घेतली नाही, तरी कारवाईला मुदत आहे. बांधकामासाठी ती पूर्वी ४ वर्षे होती. इंग्लंडमध्ये २५ एप्रिल २०२४ पासून ती १० वर्षे झाली, पण त्या तारखेआधी जवळपास पूर्ण झालेल्या कामांना जुनीच ४ वर्षे लागू आहेत. वेल्समध्ये ४ वर्षांची मुदत कायम आहे. समजा, एक्सटेन्शन २०१२ मध्ये पूर्ण झालं आणि ते कुणापासून लपवलेलं नव्हतं. मग प्लॅनिंगच्या अंगाने ते २०१६ पासून सुरक्षित आहे. अशा कामासाठी प्लॅनिंगची पॉलिसी काढायला कुणी सांगत असेल, तर कशासाठी, हे जरूर विचारा. त्याऐवजी तारखेचा पुरावा फाइलमध्ये ठेवलेला बरा.

लिस्टेड बिल्डिंगची, म्हणजे ऐतिहासिक महत्त्वामुळे सरकारी यादीत घेतलेल्या संरक्षित इमारतीची, गोष्ट निराळी. तिथे संमतीशिवाय केलेला बदल हा गुन्हा आहे, कारवाईला मुदतच नाही, आणि पूर्वस्थितीत आणण्याची नोटीस आजच्या मालकाला निघते, मग बदल कुणीही केलेला असो. नेहमीच्या पॉलिसीत लिस्टेड घरं बहुधा वगळलेली असतात. घर लिस्टेड असेल तर त्या कामातला जाणकार सॉलिसिटरच घ्या.

दुसरा कागद बिल्डिंग रेग्युलेशन्सचा. इथे प्रश्न मजबुतीचा, आगीपासून बचावाचा, ड्रेनेजचा आणि उष्णता राखण्याचा आहे. परमिटेड डेव्हलपमेंटमध्ये बसणारं एक्सटेन्शनसुद्धा यातून सुटत नाही. कौन्सिलच्या किंवा मान्यताप्राप्त खासगी निरीक्षकाने टप्प्याटप्प्याने पाहून शेवटी सर्टिफिकेट द्यायचं असतं. १९८४ च्या बिल्डिंग ॲक्टनुसार काम पाडायला किंवा दुरुस्त करायला लावणारी नोटीस काम पूर्ण झाल्यापासून १२ महिन्यांतच काढता येत होती. २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी ॲक्टने इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२३ पासून ही मुदत १० वर्षांवर नेली. जुने सल्ले वाचून 'वर्ष उलटलं, आता काही होत नाही' असं अजूनही छातीठोकपणे सांगणारे भेटतात. त्यांच्या भरवशावर राहू नका. तुमच्या घरातल्या कामाला कोणती मुदत लागते, हे सॉलिसिटरकडून लेखी घ्या. शिवाय बांधकाम धोकादायक असेल तर कोर्टातून मनाई हुकूम मागण्याचा मार्ग कौन्सिलला मुदतीनंतरही खुला असतो.

एक पेच मुद्दाम सांगतो, कारण तो फार सापडतो. लोकल सर्चमध्ये, म्हणजे सॉलिसिटरने कौन्सिलकडून मागवलेल्या नोंदींत, दिसतं की बिल्डिंग कंट्रोलकडे, म्हणजे बांधकाम तपासणाऱ्या विभागाकडे, अर्ज गेला होता, पण शेवटची तपासणी झालीच नाही आणि सर्टिफिकेट निघालं नाही. बिल्डर निघून गेला, मालक विसरला. हे काम कौन्सिलला आधीच माहीत आहे, म्हणून काही कंपन्या त्यावर पॉलिसी द्यायला नाखूश असतात. इथे पॉलिसीच्या मागे लागण्यापेक्षा विक्रेत्याला ती जुनी फाइल पुन्हा उघडून शेवटची तपासणी करून घ्यायला सांगणं जास्त शहाणपणाचं. थोडं शुल्क आणि काही आठवडे जातात, पण हाती खरा कागद येतो. निरीक्षक खासगी असेल तर त्याच्याकडून सर्टिफिकेटची प्रतही मिळू शकते.

बाकीचे कागद थोडक्यात. घराच्या मालकीहक्कावर जुन्या अटी, म्हणजे कव्हनंट, असू शकतात: 'मूळ विकासकाच्या संमतीशिवाय बांधकाम करू नये' वगैरे. त्यांची पॉलिसी वेगळी असते. फ्लॅट असेल तर भिंत काढायला फ्रीहोल्डरची, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाची, लेखी संमती लागते. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटने लॉफ्ट आत घेतला असेल तर ती जागा लीजमध्ये, म्हणजे फ्लॅटच्या भाडेपट्ट्यात, आहे का, हे आधी पाहा. जागाच त्याची नसेल तर तो मालकीचा प्रश्न आहे, आणि बांधकामाच्या पॉलिसीने तो सुटत नाही. एक्सटेन्शन सार्वजनिक सांडपाण्याच्या नळावर किंवा त्यापासून ३ मीटरच्या आत असेल तर पाणी कंपनीची संमती लागते. १ ऑक्टोबर २०११ ला खासगी सामाईक नळ मोठ्या प्रमाणावर पाणी कंपन्यांकडे गेले, त्यामुळे पूर्वी घरमालकांचे असलेले बरेच नळ आज सार्वजनिक आहेत. नळात कॅमेरा घालून केलेली तपासणी इथे फार उपयोगी पडते.

खिडक्या, बॉयलर आणि वीज यांसाठी पॉलिसीची घाई करू नका. १ एप्रिल २००२ नंतर बदललेल्या खिडक्यांचं फेन्साचं (खिडक्या बसवणाऱ्यांच्या नोंदणी योजनेचं) सर्टिफिकेट हरवलं असेल तर पत्त्यावरून शोधता येतं आणि थोड्या शुल्कात प्रत मिळते. बॉयलरसाठी गॅसचं काम करणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या गॅस सेफ रजिस्टरकडेही तशी सोय आहे. विजेसाठी तर जुन्या कागदापेक्षा आजची तपासणी, म्हणजे ईआयसीआर, केव्हाही मोलाची.

पायरी ३: बांधकाम स्वतः तपासून घ्या

बहुतेक जण इथेच घाई करतात, म्हणून इथे थोडं थांबतो. घरात मोठे बदल झाले असतील तर मॉर्गेज कंपनीच्या व्हॅल्युएशनवर, म्हणजे किंमत ठरवण्यासाठीच्या पाहणीवर, विसंबू नका, ते त्यांच्यासाठी असतं. सर्व्हेयरकडून सविस्तर, म्हणजे लेव्हल ३ चा सर्व्हे करून घ्या आणि बिनकागदाच्या कामांची यादी त्याच्या हातात द्या. भार पेलणाऱ्या भिंतीला हात लागला असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला वेगळं बोलवा. त्याच्या फीचे काही शे पौंड घराच्या किमतीपुढे काहीच नाहीत.

चिमणी ब्रेस्टचंच पाहू. खालच्या हॉलमधला विटांचा उंचवटा काढून टाकलेला, भिंत सपाट आणि छान रंगवलेली. वर जा. बेडरूममध्ये तोच उंचवटा जागच्या जागी. लॉफ्टमध्ये डोकावलं तर विटा तशाच पुढे छपरातून बाहेर गेलेल्या. म्हणजे वरच्या मजल्यापासून धुराड्यापर्यंतच्या विटा, टनांत मोजावं असं वजन, आता अधांतरी तरी आहेत किंवा कशावर तरी टेकलेल्या आहेत. ते 'कशावर' हाच प्रश्न. दोन्ही टोकांना भक्कम टेकू असलेली लोखंडी तुळई असेल तर ठीक. भिंतीत ठोकलेले त्रिकोणी लोखंडी टेकू, ज्यांना गॅलोज ब्रॅकेट म्हणतात, ते असतील तर इंजिनिअरला विचारा. अनेक कौन्सिलना ते मान्य नसतात, विशेषतः सामाईक भिंतीच्या पलीकडे शेजाऱ्यानेही आपला उंचवटा काढला असेल तेव्हा. आणि खाली काहीच नसेल, वरच्या फळ्यांवर आणि नशिबावर सगळं पेललेलं असेल, तर हे घर पॉलिसी घेऊन विकत घेण्याजोगं नाही. आधी दुरुस्ती, मग खरेदी.

हॉल एक केलेला असेल तर काढलेल्या भिंतीच्या बरोबर वरच्या खोलीत उभे राहा. जमीन मध्ये खचल्यासारखी वाटते का, दरवाजे अडकतात का, भेगा तिरक्या वर जातात का, ते पाहा. लॉफ्टच्या खोलीत जमिनीखाली नवे, जाड वासे घातलेत की मूळ छतालाच फळ्या ठोकल्यात, ते विचारा. मूळ वासे खालच्या छताचं वजन पेलायला असतात, पलंग, कपाटं आणि माणसांसाठी नसतात. छपराच्या आतले तिरके आधार मोकळ्या जागेसाठी कापलेत का, तेही पाहा. मग आगीचा विचार: खाली उतरायला पक्का जिना आहे का, जिन्याकडे उघडणारे दरवाजे अर्धा तास आग रोखणारे आहेत का, विजेवर चालणारे, एकमेकांना जोडलेले धुराचे अलार्म आहेत का. त्या खोलीत तुमची मुलं झोपणार आहेत. पॉलिसी आगीच्या रात्री कामाला येत नाही.

सर्टिफिकेट नसलेल्या लॉफ्टला बरेच व्हॅल्युअर बेडरूम म्हणून धरत नाहीत. जाहिरातीत चार बेडरूम म्हटलं असेल आणि चौथी हीच असेल, तर तीन बेडरूमच्या घराचा भाव काय, हे आजूबाजूच्या विक्रींवरून पाहून घ्या.

पायरी ४: कौन्सिलला फोन करण्याआधी थांबा

शंका आली की थेट कौन्सिलला विचारावं, हे प्रामाणिक माणसाच्या मनात येतंच. पण जवळपास प्रत्येक इन्डेम्निटी पॉलिसीत अट असते की या कामाबद्दल कौन्सिलशी कुणीही संपर्क साधलेला नसावा. तुम्ही पत्ता सांगून चौकशी केलीत की कौन्सिलचं लक्ष तिकडे गेलं, असं धरलं जातं आणि पॉलिसी मिळणं बंद होतं. कव्हनंटच्या बाबतीत मूळ विकासकाशी किंवा शेजाऱ्याशी, आणि नळाच्या बाबतीत पाणी कंपनीशी केलेल्या संपर्कालाही हेच लागू. कौन्सिलच्या वेबसाइटवरची सार्वजनिक प्लॅनिंग नोंद पाहायला सहसा हरकत नसते, तरी आधी सॉलिसिटरला विचारा. सर्व्हेयरला आणि इंजिनिअरलाही बजावून ठेवा.

याचा अर्थ कौन्सिलकडे कधीच जायचं नाही, असा मुळीच नाही. बांधकाम असुरक्षित असल्याचा खरा संशय असेल तर कौन्सिलचा रस्ता धरावा आणि पॉलिसी सोडावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तो निर्णय विक्रेत्याशी बोलून, समजून-उमजून घ्या. घर अजून त्याचं आहे. तुमच्या एका फोनमुळे त्याच्या घरावर नोटीस निघू शकते आणि व्यवहारही मोडू शकतो.

पायरी ५: पॉलिसी काय भरून देते, ते तिच्याच शब्दांत वाचा

सॉलिसिटरकडून पॉलिसीचा मसुदा आणि सोबतचं माहितीपत्रक एक्सचेंजच्या, म्हणजे करार बंधनकारक होण्याच्या, आधी मागा. नमुना पॉलिसीत साधारण या गोष्टी असतात. कौन्सिलच्या कारवाईला उत्तर देण्याचा कायदेशीर खर्च. नोटिशीमुळे काम पाडावं, बदलावं किंवा नियमात बसवावं लागलं तर त्याचा खर्च. कारवाईमुळे घराची बाजारातली किंमत घटली तर तो फरक. कंपनीच्या संमतीने केलेल्या तडजोडीची रक्कम. हे सगळं मिळून एका मर्यादेत, आणि ती मर्यादा बहुधा खरेदीची किंमत असते.

हप्ता एकदाच भरायचा, दरवर्षी नाही. साध्या बिल्डिंग रेग्युलेशन्सच्या पॉलिसीला तो शंभर पौंडांच्या आत सुरू होतो, गुंतागुंतीच्या जोखमीला काही शे पौंडांवर जातो, आणि त्यावर १२ टक्के विमा कर असतो. मुदत सहसा नसते. तुम्ही घर विकलंत तरी पॉलिसी पुढच्या मालकाला आणि त्याच्या लेंडरला, म्हणजे मॉर्गेज देणाऱ्या कंपनीला, लागू राहते. पैसे कुणी भरायचे, यावर कायदा काही सांगत नाही. रीत म्हणून विक्रेता भरतो, कारण कागद त्याच्याकडे नाहीत. तेवढ्यावरून घासाघीस करत आठवडा घालवू नका. पॉलिसीतला मजकूर बरोबर आहे का, यावर तो वेळ खर्च करा.

मसुद्यात सर्वात आधी गृहीतकांचा भाग वाचा. काम १२ महिन्यांपेक्षा जुनं आहे, कौन्सिलकडून कधी नोटीस आलेली नाही, घर लिस्टेड नाही, एका कुटुंबाच्या राहण्यासाठीच वापरतात, कुणी कौन्सिलशी संपर्क केलेला नाही, अशी ती विधानं असतात. त्यातलं एक जरी खोटं निघालं तरी दावा अडचणीत येतो. तुम्ही खोल्या वेगवेगळ्या लोकांना भाड्याने देणार असाल तर आत्ताच सांगा. मग पॉलिसीत कोणती कामं नावानिशी लिहिली आहेत ते पाहा. घरात एक्सटेन्शन, लॉफ्ट आणि काढलेली भिंत असं तिन्ही असेल आणि पॉलिसीत 'मागील एक्सटेन्शन' एवढंच असेल, तर दोन कामं उघडीच राहिली. लेंडरचं आणि तुमचं, दोघांचं हित त्यात आहे ना, हेही बघा. लेंडरपुरतीच पॉलिसी असेल तर तुमच्या हाती काही लागत नाही.

पायरी ६: काय भरून देत नाही

काम निकृष्ट आहे म्हणून तुम्ही आपणहून दुरुस्त केलंत, तर त्याचा खर्च मिळत नाही. तुळई खचली, छत गळलं, ओल आली, कुणाला इजा झाली, यातलं काहीही या पॉलिसीत बसत नाही. कौन्सिलने कारवाई केल्याशिवाय दावाच उभा राहत नाही. घराच्या नेहमीच्या विम्याचा हा पर्याय नाही, आणि त्या नेहमीच्या विम्याच्या अर्जात बांधकामाबद्दल जे विचारतील त्याचं उत्तर खरंच द्यायचं. पुढच्या खरेदीदाराने सर्टिफिकेट नाही म्हणून भाव पाडून मागितला, तर तो फरकही कंपनी देत नाही, कारण त्यात कारवाई कुठेच नाही.

सॉलिसिटर बहुधा तुमचं आणि मॉर्गेज कंपनीचं, दोघांचं काम पाहत असतो. कागद नसेल तर लेंडरच्या नियमावलीप्रमाणे त्याला ते लेंडरला कळवावं लागतं आणि पॉलिसी असली की लेंडरचं समाधान बऱ्याचदा होतं. लेंडरला त्याच्या कर्जाची काळजी असते. घरात राहणारे तुम्ही आहात, म्हणून लेंडर राजी झाला एवढ्यावर तुमचा प्रश्न मिटत नाही.

पायरी ७: पॉलिसी, रेग्युलरायझेशन की किमतीत सूट

सर्व्हे हातात आल्यावर हा निर्णय घ्यायचा, त्याआधी नाही. बांधकाम भक्कम आहे, काम जुनं आहे, कमी आहे तो फक्त कागद: अशा वेळी पॉलिसी घ्या आणि पुढे जा. ती याचसाठी बनवलेली आहे.

बांधकामाबद्दल शंका आहे, पण घर सोडवत नाही: मग विक्रेत्याला रेग्युलरायझेशनसाठी कौन्सिलकडे अर्ज करायला सांगा. ११ नोव्हेंबर १९८५ नंतर झालेल्या कामांना ही सोय आहे. निरीक्षक येतो, तुळई दिसावी म्हणून प्लास्टर फोडायला, पाया दिसावा म्हणून खड्डा खणायला सांगू शकतो, त्रुटी असतील तर दुरुस्त करायला लावतो आणि समाधान झालं की सर्टिफिकेट देतो. आपल्या ओळखीच्या नियमितीकरणाशी ज्याचं नातं सांगता येईल, ते हे. वेळ लागतो, घरात धूळ होते, आणि विक्रेत्याची तयारी लागते. एकदा हा अर्ज गेला की पॉलिसीचा दरवाजा बंद, हे त्यालाही आधी माहीत असू द्या.

विक्रेता तयार नसेल तर इंजिनिअरकडून दुरुस्तीचा अंदाज घ्या, एका बिल्डरकडून लेखी कोटेशन घ्या आणि तेवढी किंमत कमी करून मागा. किंवा ती रक्कम सॉलिसिटरकडे अडकवून ठेवून कंप्लीशन, म्हणजे व्यवहार पूर्ण, करता येतं का, ते विचारा. किंमत बदलली की लेंडरला कळवावं लागतं. यातलं काहीच जमत नसेल आणि इंजिनिअर धोका आहे म्हणत असेल, तर घर सोडा. सर्व्हेचे आणि सॉलिसिटरचे पैसे गेल्याचं दुःख होतं, पण एक्सचेंज होईपर्यंत तुम्ही मोकळे आहात.

स्कॉटलंडमध्ये बिल्डिंग वॉरंटची, म्हणजे बांधकामाच्या परवानगीची, स्वतःची पद्धत आहे. तिथलं घर घेणाऱ्यांनी वरच्या मुदती आणि पायऱ्या जशाच्या तशा लावू नयेत.

पायरी ८: चावी मिळाल्यावर

पॉलिसीची मूळ प्रत, गृहीतकांचं पान, सर्व्हे आणि इंजिनिअरचा अहवाल एकाच फाइलमध्ये ठेवा. लँड रजिस्ट्री ही पॉलिसी सांभाळत नाही, आणि दहा वर्षांनी सॉलिसिटरच्या ऑफिसात ती सापडेलच असं नाही. पॉलिसी आहे हे शेजारीपाजारी सांगत फिरू नका. काही पॉलिसींत लेंडर, वकील आणि पुढचा खरेदीदार सोडून कुणाला सांगू नये, अशी अटच असते.

आपल्याकडे घर घेतलं की वर्ष-दोन वर्षांत आई-बाबांसाठी खाली खोली किंवा मोठं स्वयंपाकघर करायचा बेत असतोच. त्याचा अर्ज बिल्डिंग कंट्रोलकडे जाईल, निरीक्षक घरी येईल आणि जुनं बिनकागदाचं काम त्याच्या नजरेस पडेल. म्हणून अर्जाआधी विमा कंपनीला लेखी विचारा की यामुळे पॉलिसीला बाधा येते का. हा बेत पक्का असेल तर खरेदीच्या वेळीच पॉलिसीऐवजी रेग्युलरायझेशनचा आग्रह धरणं जास्त बरं.

कौन्सिलचं पत्र आलंच, तर त्याला स्वतः उत्तर देऊ नका, फोनवर काही कबूल करू नका, आणि दुरुस्तीही सुरू करू नका. पत्राची प्रत त्याच दिवशी विमा कंपनीला पाठवा आणि पुढचं त्यांच्या संमतीने करा. दावा अन्यायाने नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, तिथे समाधान झालं नाही तर विमा-बँकांबद्दलच्या तक्रारी सोडवणारा फायनान्शियल ऑम्बड्समन. तिथे तक्रार करायला ग्राहकाला शुल्क नाही.

घर विकताना पॉलिसीची मर्यादा तपासा. पावणेपाच लाख पौंडांना घेतलेलं घर साडेसहा लाखांना विकत असाल तर खरेदीदाराचा सॉलिसिटर वाढीव मर्यादा मागेल. ती बहुधा थोडा जास्तीचा हप्ता भरून मिळते. आणि मधल्या काळात तुम्ही स्वतः जे काम कराल, त्याचा शेवटचा हप्ता बिल्डरला देण्याआधी कंप्लीशन सर्टिफिकेट मागून घ्या. काम संपल्यावर बिल्डरला फोन लागत नाही, हा इथल्या पुष्कळ घरमालकांचा अनुभव आहे.